चारही चाकं गरम

बंगळुरात, बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत, नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, मराठी बिऱ्हाडं पाच होती आणि पाचही घरांतले कर्ते पुरुष सरकारी कारखान्यांत इंजिनिअर होते. या पाचांपैकी एकालाही स्वतःच्या गाडीचं चाक बदलता येत नव्हतं. ते पंक्चर का झालं असावं यावर मात्र प्रत्येकजण तासभर बोलू शकत असे. दर रविवारी सकाळी कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडलं जाई, पोह्यांच्या बशा हातात घेऊन आम्ही भोवती उभे राहत असू आणि इंजिनाकडे बघत देशाच्या अवस्थेवर बोलत असू. बॉनेटमध्ये हात कुणी घालत नसे, कारण हात काळे झाले असते.

मी त्यांतला एक होतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत वाईट मीच होतो. बाकीच्यांना निदान आपल्याला गाडीतलं कळत नाही अशी अंधुक शंका तरी होती. मला तीही नव्हती. मी कारखान्यातल्या हायड्रॉलिक्स विभागाचा प्रमुख होतो. तेलाच्या दाबावर चालणारी अजस्र यंत्रं माझ्या सहीनं सुरू होत आणि माझ्या सहीनं बंद होत. मग गाडीचे ब्रेक म्हणजे तरी काय? पायानं पेडल दाबायचं, पेडलनं मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकलायचं, तेलानं नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जाऊन ब्रेकचे लायनर ड्रमवर घट्ट दाबायचे. म्हणजे हायड्रॉलिक्स, आणि हायड्रॉलिक्स म्हणजे मी. असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे, आणि कुणी हसत नसे, यावरून ते चारचौघे कसे होते ते कळावं.

गाडी जुनी होती. निवृत्त होऊन म्हैसूरला गेलेल्या एका साहेबांकडून घेतलेली, मळखाऊ निळ्या रंगाची. कागदोपत्री ती माझी होती, पण मी कारखान्याच्या बसनं कामावर जायचो आणि गाडी चालवायची माझी बायको. ती आनेकलच्या एका शाळेत गणित शिकवायची. गाडी येण्याआधी ती रोज दोन बस बदलून जायची आणि दोन बस बदलून यायची, आणि घरात शिरली की आधी चपला न काढता पाच मिनिटं खुर्चीत बसून राहायची. चाळिशीत ती गाडी शिकली. लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झालो होतो. ती पहिल्याच फटक्यात पास झाली. बाईमाणूस बघून साहेब ढिला पडला असणार, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

एकदा मी तिला विचारलं की एवढं आनेकलपर्यंत गाडी हाकत जायचा कंटाळा येत नाही का. ती म्हणाली, "या गाडीत बसलं की पाऊण तास मला कुणी हाक मारत नाही." मला ते कळलंच नाही. तिला दिवसभर वर्गातली पोरं हाक मारत, घरी आल्यावर मी मारत असे. तो पाऊण तास तिचा एकटीचा होता, आणि तो मी हिसकावून घेतला.

आमच्या लोकांची आणखी एक खोड सांगायला हवी. आम्ही फायली ठेवायचो. फ्रिजची फाइल, मिक्सरची फाइल, गाडीची फाइल. प्रत्येक कागदाला भोक पाडून, वर उजव्या कोपऱ्यात आकडा घालून तो दोऱ्यात ओवायचा. कुठलाही कागद फाइलला लागला की काम झालं, अशी आमची मनोमन खात्री असे. कारखान्यात ते खरंच होतं. तिथं यंत्र बिघडलं तरी चाले, फाइल बिघडून चालत नसे. गाडीची फाइल मी मागच्या सीटवर ठेवत असे, म्हणजे गाडी जिथं जाईल तिथं फाइलही जाई.

एका रविवारी मला दिसलं की ब्रेकच्या तेलाची पातळी खाली गेली आहे. दुकानातून शंभर रुपयांच्या आतला डबा आणून भरला असता की विषय संपला असता. पण दुकानातलं तेल म्हणजे काय, कोण बनवतं, कोण तपासतं? माझ्या विभागात परदेशातून येणारं लालभडक तेल होतं. अतिशय शुद्ध, थंडीत न गोठणारं, उन्हात न पातळ होणारं. तपासणीसाठी काढलेले त्याचे नमुने नंतर टाकून देत. त्यातली बाटली मी घरी आणली. माझ्या डाव्या हाताला राहणारे धातू प्रयोगशाळेतले गृहस्थ बाटली उजेडात धरून म्हणाले, "क्या बात है, हे तर विमानात घालतात." उजव्या हाताला राहणारे तपासणी विभागातले गृहस्थ म्हणाले, "आपल्या गाड्यांचं दुर्दैव हेच, की त्यांना असलं काही कधी मिळत नाही." आम्ही तिघांनी त्या बाटलीकडे कौतुकानं बघितलं.

नुसतं वर ओतून माझं समाधान होणार नव्हतं. जुनं तेल पूर्ण काढून नवीन भरायचं ठरलं. त्यासाठी एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकामागचं निपल सैल करून तेल बाहेर जाऊ द्यायचं. पेडलवर बायको बसली. मी खालून ओरडायचो, "दाब. धर. सोड." असं दोन तास चाललं. मध्येच ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "अहो, मघाशी बघितलं, तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय की फक्त ब्रेकचंच तेल घाला."

"ते सामान्य लोकांसाठी लिहिलेलं असतं," मी म्हणालो.

धातू प्रयोगशाळेतले गृहस्थ हसले. डोकं आत घेऊन ती मी सांगेन तसं दाबत, धरत, सोडत राहिली. ते लाल तेल खनिज तेल होतं. काही जातींचं रबर खनिज तेलात भिजलं की फुगतं. ही गोष्ट मला माहीत होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती लेखी परीक्षेत लिहिली होती आणि त्यासाठी मला पूर्ण मार्क मिळाले होते. पण गाडीच्या ब्रेकमधलं रबर कुठल्या जातीचं असतं हे विचारायला मला एखाद्या मेकॅनिकच्या दारात जावं लागलं असतं.

पंधरा दिवसांत पेडल कडक लागायला लागलं. मी खूश झालो. कडक पेडल म्हणजे उत्तम दाब, असं मी शेजाऱ्यांना समजावलं. तीन आठवड्यांनी बायको म्हणाली, "गाडी जड चालते. आनेकलला पोचेपर्यंत जळका वास येतो. चढावर तर कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं." मी विचारलं कुठल्या चाकापाशी वास येतो. ती म्हणाली, चारही.

मग रविवारी आमची चौकशी बसली. चौकशी म्हणजे आम्ही तिघे, पोहे आणि फाइल. शनिवारी दुपारी ती आनेकलहून आली तेव्हा मी दारातच चाकांवर पाणी शिंपडून बघितलं होतं, आणि चारही चाकांवर पाणी चुर्र झालं होतं. रविवारी सकाळी, रात्रभर थंड झालेली गाडी मी स्वतः देवळापर्यंत नेऊन परत आणली. पाणी शिंपडलं. काही झालं नाही. म्हणजे ती चालवते तेव्हा चाकं तापतात, मी चालवतो तेव्हा तापत नाहीत. ती तीस-पस्तीस किलोमीटर चालवून आली होती आणि मी दोन, ही क्षुल्लक बाब तीन इंजिनिअरांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

पुढचा तर्क माझा होता आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. एकच चाक गरम असेल तर दोष त्या चाकात. चारही गरम असतील तर दोष चौघांना सामाईक असलेल्या जागी. सामाईक काय? पेडल. पेडलवर काय असतं? पाय. पेडल आणि चाकं यांच्या मधोमध मास्टर सिलिंडर नावाची एक वस्तू असते, आणि तिच्यातलं रबर मी स्वतः तीन आठवड्यांपूर्वी भिजत घातलं होतं, तिथं माझा तर्क थांबला नाही. तो सरळ पायापाशी गेला. बायकोचा पाय तिथं होताच.

तिला बाहेर बोलावलं. तपासणी विभागातल्या गृहस्थांनी तिला गाडी चालवताना घालते त्या चपला आणायला सांगितल्या. ती गेली आणि चपला घेऊन आली. त्यांनी त्या उलट्या करून टाचा बघितल्या, जाडी बोटानं मोजली आणि मान हलवली. ती अंगणात अनवाणी उभी होती. दोन परक्या पुरुषांसमोर मी माझ्या बायकोला सांगितलं की तिला चालवताना ब्रेकवर पाय टेकवून ठेवायची सवय आहे, नवशिक्यांना असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती चार वर्षं गाडी चालवत होती. तिनं एकदा आपल्या पायांकडे बघितलं आणि चपला घेऊन आत गेली. आजही हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते.

फाइलच्या बाराव्या पानावर मी लिहिलं: लक्षण, चारही चाकं गरम. कारण, चालकाची सवय. उपाय, सवय सोडणे.

पुढचा आठवडा तिनं ती सवय सोडायचा प्रयत्न केला. नसलेली सवय सोडणं किती अवघड असतं याचा आता विचार केला की माझी मान खाली जाते. ब्रेकची गरज नसेल तेव्हा ती उजवा पाय पार मागे, सीटखाली ओढून धरायची. तरी चाकं तापायचीच. तिनं येऊन सांगितलं. मी म्हणालो, "सवय अशी एका आठवड्यात जात नसते." आणि तेही तेराव्या पानावर नोंदवून ठेवलं.

त्या शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. येताना ती परस्पर बनशंकरीच्या देवळामागच्या गॅरेजात गेली. तिथला मेकॅनिक साठीच्या पुढचा, कानडी, अबोल माणूस होता. ती त्याला अण्णा म्हणायची, तो तिला अक्का. मी त्याला काहीच म्हणत नसे, कारण मी कधी तिकडे गेलो नव्हतो. तिनं घरी येऊन माझ्यासमोर एक घडी घातलेला कागद ठेवला. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"अण्णांनी चिठ्ठी दिलीय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तेलाचं काहीतरी म्हणतायत. वाचून दाखवू का?"

कागदावर कानडी अक्षरं होती. मला बंगळुरात येऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि मला कानडीत बसचा नंबरसुद्धा वाचता येत नव्हता. तिनं शाळेत लागल्यावर दोन महिन्यांत मुलींकडून लिपी शिकून घेतली होती. मी तो तिचा फावल्या वेळचा उद्योग समजत असे.

"तेलाचं मला सांगायला आता मेकॅनिक लागला का?" मी म्हणालो. "लाव फाइलला."

 ती कागद तसाच टेबलावर ठेवून आत गेली. मीच उठून गाडीतून फाइल आणली, कागदाला भोक पाडलं, कोपऱ्यात चौदाचा आकडा घातला आणि दोऱ्यात ओवला.  सोमवारी सकाळी गाडीची किल्ली फाइलवर ठेवलेली होती आणि ती बसनं गेली होती.

मला हायसं वाटलं. भांडण झालं नाही, आदळआपट झाली नाही. गाडी दारात उभी राहिली आणि अर्थातच चाकं तापायची थांबली. पंधराव्या पानावर मी लिहिलं, दोष दूर झाला. असलं वाक्य लिहिणाऱ्या माणसाच्या सहीवर एका सरकारी कारखान्यातली यंत्रं चालत होती, याचं मला आता नवल वाटतं.

सहा आठवडे ती बसनं गेली आणि बसनं आली. पुन्हा चपला न काढता खुर्चीत बसू लागली, पाच मिनिटं नाही, पंधरा-वीस मिनिटं. मी विचारलं की काही होतंय का, ती म्हणायची, "काही नाही." गाडीचा विषय तिनं काढला नाही. मला वाटलं, तिला आपली चूक उमगली.

मग तपासणी विभागातल्या गृहस्थांनी महादेवपुऱ्यात घर बांधलं आणि वास्तुशांतीला सगळ्या गल्लीला बोलावलं. रविवारी सकाळी आम्ही नटूनथटून निघालो. ती दारात म्हणाली, "आपण रिक्षानं जाऊ. ती चिठ्ठी तुम्ही वाचली नाहीत." मी किल्ली बोटावर फिरवत म्हणालो, "आज मी चालवणार आहे." ती शेजारी येऊन बसली आणि तिनं दरवाजाची मूठ घट्ट धरली. मला ते अपमानास्पद वाटलं.

पाच-सहा सिग्नल ओलांडले असतील. आधी गाडी जड झाली. मग वास आला. मग एका सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि गाडी जागची हलेना. मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन किंचाळलं, गाडी थरथरली आणि पुढच्या चाकातून निळसर धूर निघाला. मागे हॉर्नांचा गदारोळ झाला. एका रिक्षावाल्यानं बाजूनं जाताना माझ्याकडे वाकून बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही, तिला कळलं.

मी खाली बघितलं. माझा पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकपासून वीतभर लांब, मोकळ्या जागेवर होता. मी मान वर केली तेव्हा तीही माझ्या पायाकडेच बघत होती.  त्या क्षणी ती बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

लोकांनी अर्धवट उचलून, ओढून गाडी कडेला लावली. अर्धा तास थांबल्यावर ब्रेक थंड होऊन चाकं सुटली. ती म्हणाली, "मागे वळवा. अण्णांचं गॅरेज दुपारपर्यंत उघडं असतं." मी वळवली. पहिल्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेनं, सायकलवाले पुढे जात होते अशा वेगानं आम्ही गॅरेजात पोचलो तेव्हा चाकं पुन्हा पार आवळली होती.

मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानं तिला विचारलं, "आता आणली का, अक्का?" मी समजावून सांगू लागलो की चारही चाकं गरम होत आहेत, म्हणजे सामाईक कारण... "स्वल्प इरी सार," तो म्हणाला, जरा थांबा, आणि त्यानं आम्हा दोघांना गाडीतून उतरवलं. जॅक लावून पुढचं चाक उचललं. मला म्हणाला, फिरवा. मी वास्तुशांतीचा रेशमी कुर्ता सावरत दोन्ही हातांनी जोर लावला. चाक तसूभर हललं नाही.

तो हिंदी-कानडीची मिसळ करून बोलायचा. "गाडीत कोण आहे, सार?"

"कुणी नाही."

"मग ब्रेक कोण दाबतंय?"

 त्यानं पाना घेतला आणि चाकामागचं निपल अर्धा आटा सैल केलं. लाल तेलाची चिळकांडी उडून माझ्या कुर्त्यावर आली. त्यानं एका बोटानं चाक ढकललं आणि ते गरगर फिरायला लागलं. पाय काढल्यावर तेल परत जायला मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. रबर फुगून ते बंद झालं होतं, त्यामुळे तेल चाकांपाशीच कोंडून राहत होतं आणि ब्रेक सुटत नव्हते. हे त्यानं मला चार वाक्यांत सांगितलं. मी हायड्रॉलिक्सवर व्याख्यानं देत असे, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग त्यानं चहाचा एक काचेचा ग्लास घेतला, त्यात पाणी घातलं आणि डब्यातलं ब्रेकचं तेल थेंबभर टाकलं. ते पाण्यात मिसळून गेलं. दुसऱ्या ग्लासात माझं लाल तेल टाकलं. ते वर तरंगत राहिलं. त्यानं दोन्ही ग्लास बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले. आमच्या रविवारच्या सभेत बॉनेटवर एवढं शहाणपण कधी ठेवलं गेलं नव्हतं. तासाभरानं त्यानं मास्टर सिलिंडर खोलून आतलं रबर बाहेर काढलं आणि नव्या रबराशेजारी माझ्या तळहातावर ठेवलं. नवं रबर कडक आणि नेटकं होतं, माझं दुधात भिजवलेल्या पावासारखं सुजलं होतं.

"हे सगळं अक्कांजवळ लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "वाचलं नाही?"

"कानडीत होतं," मी म्हणालो.

"किती वर्षं झाली इथं?"

"एकोणीस."

त्यानं मान डोलवली आणि तो पुन्हा कामाला लागला. मला आजवर साहेबांनी, मंत्र्यांनी, एकदा तर संपावर गेलेल्या कामगारांनी फैलावर घेतलं आहे, पण त्या मान डोलवण्याइतकं काही मला लागलं नाही.

बायको गाडीपाशी गेली, मागच्या सीटवरची फाइल घेऊन आली आणि चौदावं पान उघडून उभ्या उभ्या वाचू लागली. एकेक ओळ कानडीत बघायची आणि मराठीत सांगायची. "ब्रेकमध्ये ब्रेकचं तेल नाही, दुसरं आहे. त्यानं रबर फुगलंय. मी अक्कांच्या शेजारी बसून दहा किलोमीटर बघितलं, त्या चांगली गाडी चालवतात, त्यांच्या पायात खोट नाही. हे तेल ज्यानं घातलं त्याला माझ्याकडे पाठवा. तोवर गाडी काढू नका, आज ब्रेक सुटत नाहीत, उद्या लागणार नाहीत."

तिचा आवाज वर्गात गणित वाचून दाखवावं तसा होता. वाचून झाल्यावर तिनं फाइल मिटली.

"हे तुला माहीत होतं, तरी आज माझ्याबरोबर गाडीत बसलीस?" मी विचारलं.

"तुम्ही एकटे गेला असतात," ती म्हणाली.

मला तिची माफी मागायची होती. शब्द तोंडापर्यंत आले होते. त्याऐवजी मी मेकॅनिकला विचारलं की गाडी कधी मिळेल. तो म्हणाला, सगळी रबरं, चारही चाकांचे होज म्हणजे रबरी पाइप बदलावे लागतील, नळ्या धुवाव्या लागतील, मंगळवारी या.

सोमवारी धातू प्रयोगशाळेतल्या गृहस्थांना मी ते सुजलेलं रबर दाखवलं. ते म्हणाले, "हल्ली रबराचा दर्जाच घसरलाय हो." आणि मी, सगळं डोळ्यांनी बघून आलेला मी, हो म्हणायच्या अगदी बेतात होतो. त्यानंतर मी त्यांच्या रविवारच्या सभेला गेलो नाही. त्यांना वाटलं मला शिष्टपणा आला.

मंगळवारी संध्याकाळी मी कारखान्याच्या बसमधून गॅरेजापाशी उतरलो. ती आनेकलहून दोन बस बदलून आधीच येऊन थांबली होती. मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यानं किल्ली तिच्या हातात दिली.

"सरी, अण्णा," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे.

मी सवयीनं उजव्या दरवाजापाशी उभा होतो. ती तिथं येऊन नुसती थांबली. मी गाडीला वळसा घालून डावीकडे गेलो. तिनं सीट पुढे ओढली, आरसा आपल्यापुरता केला, पेडल दोनदा दाबून सोडून बघितलं. मग गाडी रस्त्यावर घेतली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मला तिचा चेहरा सैल झालेला दिसला.

मला ते बघून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण फार वेळ नाही. पुढे एक बस थांब्यापाशी आडवी आली. तिनं ती लांबूनच बघितली होती, वेग कमी केला होता, आणि गाडी अलगद थांबली. मी मात्र डाव्या बाजूला बसून उजवा पाय जिवाच्या आकांतानं खाली दाबून धरला होता. तिथं पेडल नव्हतं, नुसती रबरी चटई होती. दाबून धरलेला पाय बस पुढे निघून गेली तरी तसाच होता.

"पाय काढा," रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

मी पाय मागे घेतला. पुढच्या सिग्नलला तो पुन्हा तिथंच होता.